अठरा घरांपुरता शोध

मी एक जुना शोधक आहे. संगणकाच्या सी भाषेच्या ग्रंथालयात राहतो, नाव मेमचर. मित्रांनो, संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने मांडलेली घरं, प्रत्येकात एक अंक. कुठून निघायचं, कोणता अंक शोधायचा आणि किती घरं बघायची, एवढं मला सांगतात. अंक सापडला की मी घराचा पत्ता देतो, नाहीतर रिकाम्या हाताने परततो. माझ्या वेगाचं कौतुक पुष्कळ झालं. माझे नियम मात्र कुणी धड वाचत नाही.

एस्बियर्गच्या बंदरात एस्किल भरती-ओहोटी मोजणारं यंत्र सांभाळायचे. मापांच्या शेवटी ते स्वतःची एक नोंद लिहीत. नवी लिहिली की जुनी पुसली जाई. नोंदीआधी २५४ हा अंक ठेवत, कारण पाण्याचं माप तिथवर कधी चढत नसे. मार्चमध्ये एस्किल गेले. त्यांची शेवटची नोंद शोधायला मुलगी सिडसेल यंत्रापाशी बसली. दुपारी तीनला यंत्राची स्मृती पुसली जाणार होती.

तिने मला सहा वेळा पाठवलं. सहाही वेळा मी रिकामा परतलो.

“त्यानेच पुसलं असेल,” वडिलांचे जुने सहकारी प्रेबेन हेरिंग मासा खात म्हणाले. “आपलं लिहिलेलं कुणी वाचलेलं त्याला खपायचं नाही.”

“मग लिहायचे कशाला? काका, तुम्ही जेवा.”

मी चडफडत होतो. किती घरं बघायची, ते तिने माझ्या भावाकडून मोजून घेतलं होतं. तो मजकुराची लांबी मोजतो आणि शून्य दिसलं की थांबतो. एकोणिसावं माप ओहोटीचं होतं, शून्य. मी शून्याला अडत नाही. पण मला अठराच घरं दिलेली. बोल मात्र मलाच.

पावणेतीनला प्रेबेन पडद्यावर डोकावले. “अठरा? पाच मिनिटांना एक माप. यंत्र काय दीड तासच चाललं, पोरी?”

सिडसेलने यंत्राच्या स्मृतीची पूर्ण लांबी स्वतः लिहिली. चार हजार शहाण्णव. मी तीन हजारांपुढचा एक पत्ता घेऊन आलो. पुढचं वाचणं माझ्या हातात नाही. तिने वाचलं.

“काय म्हणतो?”

“‘वारा पश्चिमेचा. सिडसेल रविवारी येणार होती. काम निघालं असेल.’”



मित्रांनो, मी रिकामा आलो तर लगेच पुसायला घेऊ नका. तुम्ही सांगितलंत, तिथवरच मी गेलेलो असतो.