तिसरी काहील

डोळे मिटून बघा बरं. भल्यामोठ्या लोखंडी काहिलीत उसाचा रस रटरटतोय, खाली चुलवाणात चिपाडं धडधडून पेटली आहेत, आणि वाफेबरोबर गोड वास थेट तुमच्या नाकात शिरतोय. दिसलं? मग काहिलीजवळच्या कट्ट्यावर उकिडवी बसलेली क्रांतीही दिसेल. हातात रस निवळायला ठेचलेली रानभेंडी, नजर आज्जाच्या हाताकडं.

पिराजीआज्जा कागलच्या बाजूचा नावाजलेला गुळव्या. पाक कधी उतरवायचा, हे तो नुसते बुडबुडे बघून सांगायचा. त्याच्या हातचा गूळ म्हणजे पिवळाधमक. पण आज सकाळपासून उतरलेल्या दोन्ही काहिलींचा गूळ काळपट निघाला होता. ऊस क्रांतीच्या आईचा, वर्षाराणीचा होता. तिनं तीन वर्षं रानात रासायनिक खताचा दाणा पडू दिला नव्हता, आणि गुळातही रंग उजळायची पावडर घालायची नाही, असं सासऱ्याला बजावलं होतं.

"पिराजीचा गूळ आणि काळा!" चुलवाणात चिपाडं सारणारा गुंडू हसला. "आज्जा, डोळं गेलं का हात गेला?"

"तू जाळ बघ गप," आज्जा म्हणाला.

बिनखताचा ऊस वजनाला पूर्वीच्या निम्माच भरत होता. कारखान्याला घातला तर मजुरीसुद्धा निघत नव्हती. असला गूळ चांगल्या दरानं घेणारं कुणी भेटलं, तरच हे शेत असं चालणार होतं. म्हणून आज कोल्हापूरहून संयोगिताताई येणार होत्या. त्यांच्या दुकानात बिनरसायनाचाच माल विकला जायचा.

"त्यांनी न्हाय घेतला, तर पुढच्या सालापासनं परत युरिया," काल जेवताना आई म्हणाली होती.

तिसऱ्या काहिलीला फेस चढला. फेस चढला की आज्जाचा हात मागच्या कोनाड्याकडं जायचा. जन्मभर गेला होता; आज दोन काहिलींना त्यानं तो आवरला, तिसरीला गेलाच. दुसऱ्यांच्या गुळासाठी ठेवलेल्या डब्यातली मूठभर पांढरी पावडर रसात पडली, आणि मगच आज्जानं आपल्या हाताकडं पाहिलं. तो तसाच थांबला. हात धोतराला पुसला. पुन्हा पुसला.

क्रांतीनं ते पाहिलं होतं. आणि तिनं पाहिलं, हे आज्जालाही कळलं होतं.

पाक तयार झाला, थंड व्हायला वाफ्यात ओतला, तर सोन्यासारखा. कामावरची माणसं गोळा झाली. घाण्याला ऊस लावणारी आईही धावत आली.

"मामा, रंग तरी बघा!" ती सासऱ्याला म्हणाली. "ओढ्याकडंच्या तुकड्यातला ऊस हाय ह्यो. रान सुधारलं की वं माझं!"

आज्जानं बोलायला तोंड उघडलं. आई वाफ्यावर वाकून हसत होती. ती अशी हसलेली त्यानं कैक दिवसांत पाहिली नव्हती. त्यानं तोंड मिटलं.

संयोगिताताई आल्या तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी आधी गुळाचे ढेपांसारखे काळपट रवे पाहिले, मग पिवळे.

"हा एवढा पिवळा कसा?"

"तिथली माती आधी जित्ती झाली, ताई," आई म्हणाली. "खाऊनच बघा की."

गिऱ्हाइकाला गूळ द्यायचा, तर आधी त्यातला खडा घरच्या लेकरानं खायचा, अशी त्या गुऱ्हाळावरची रीत. आईनं पिवळा खडा फोडून क्रांतीच्या तळहातावर ठेवला.

"खा, बाळा."

खडा अजून कोमट होता. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. क्रांती उठली, आज्जापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं तो खडा त्याच्या हातात ठेवला.

आज्जानं मूठ मिटली.

"ताई," तो म्हणाला, "ही काहील न्हाय द्यायची तुम्हास्नी. हिच्यात पावडर पडलीया. माझ्याच हातनं. सुनंला ठावं न्हाय."

आई पदराचं टोक नुसतं पिळत होती. सासऱ्याकडं तिनं पाहिलं नाही.

"आणि त्या काळ्या गुळात?" संयोगिताताईंनी विचारलं. "त्यात नक्की नाही?"

"न्हाय." आज्जाची मान खाली गेली. "पर आता माझ्या 'न्हाय'वर कोण इस्वास ठेवणार?"

क्रांतीनं त्याची मिटलेली मूठ धरली आणि त्याला ओढत काळ्या रव्यांपाशी नेलं. तिथं तिनं एक खडा फोडला आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकला. मग गालात गूळ धरूनच तिनं दुसरा फोडला, आणि हात संयोगिताताईंपुढं लांब केला.