बसलेल्या माणसाचा आकडा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. तुम्ही मला बीपीचे मशीन म्हणता, तेही चालेल. माझ्या काचेच्या नळीत पारा आहे, सोबत एक रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा. नळीवर रेघा आखल्या गेल्या त्या दिवसापासून खोटे बोलायचे नाही, एवढे मला ठाऊक होते. बावीस वर्षे मी ते पाळले. त्याचा मला गर्व होता, आणि मित्रांनो, हा गर्वच मला नडला.

माझ्या दवाखान्यात रोज सत्तर-ऐंशी माणसे यायची. सिस्टर पट्टा बांधायच्या, आकडा लिहायच्या आणि म्हणायच्या, "चला, पुढचे या." बॅटरीवरचे नवे मशीन दोनदा आले आणि दोनदा बिघडले. "आपला म्हातारा बरा," असे डॉक्टरबाई म्हणाल्या की मी मनातल्या मनात फुगायचो.

आमच्याकडे एक पेंटरकाका यायचे. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. "सिस्टर, बीपी बघताय की फास लावताय?" असे विचारून रांगेला हसवायचे. त्यांचा आकडा एकशे सत्तरवर जाऊन बसला होता. डॉक्टरबाईंनी गोळी दिली, मग वाढवली. महिन्याभराने मी एकशे चोवीस दाखवले. सगळे खूश झाले. दवाखान्याची पाटी रंगवायचे कामही काकांनाच मिळाले.

कामाच्या दिवशी ते आधी आत येऊन खुर्चीवर बसले. पुन्हा एकशे चोवीस.

"काही त्रास?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"छे, एकदम ठणठणीत."

ते बाहेर जाऊन शिडीवर चढले. माझे टेबल खिडकीपाशी होते. मला त्यांचे पाय दिसत होते.

थोड्या वेळाने काकू त्यांचा विसरलेला चष्मा घेऊन आल्या. शिडी पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्या सिस्टरांना हळूच म्हणाल्या, "मी बोलले म्हणून सांगू नका हं. आठ दिवस झाले, उठले की भिंत धरतात. काल तर तोल गेला. ती दुसरी गोळी सुरू झाल्यापासून हे चाललंय."

"दुसरी कुठली?"

"लघवी अडते, त्याची. दुसऱ्या डॉक्टरांकडून आणलीय. बाईंना कसं सांगायचं, म्हणतात. लाज वाटते त्यांना."

काकांचे पाय हलले. रंगाचा डबा घ्यायला ते वाकले होते आणि आता सरळ उभे राहत होते. माझा जीव टांगणीला लागला. माझ्याकडे तीनशेपर्यंत आकडे होते, पण हाक मारायला तोंड नव्हते.

सिस्टर धावत बाहेर गेल्या, मागोमाग काकूही. "काका, शिडी घट्ट धरा. एकेक पायरी खाली या. घाई नको."

ते उतरू लागले. तीन पायऱ्या उरल्या आणि हात सुटला. काकू आणि सिस्टर, दोघींच्या अंगावर ते कोसळले. डोके वाचले, पण उजवे मनगट मोडले.

त्यांना आत आणून झोपवले. जरा सावरल्यावर दोघींनी धरून उभे केले आणि डाव्या दंडाला माझा पट्टा बांधला. इतक्या वर्षांत उभ्या माणसाला तो कुणी बांधलाच नव्हता. पारा उतरू लागला. एकशे चोवीस गेले, शंभर गेले. शहाऐंशीला ठोका ऐकू आला. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी चांगल्या होत्या. दोघी मिळून उभ्या माणसाचा दाब खाली ओढत होत्या.

"मी कधी उभं करून बघितलंच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"लाजेपायी हात गेला की हो माझा," काका म्हणाले.

मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो. पण बसलेल्या माणसाचे खरे मी शिडीवर चढणाऱ्याला सांगितले. आता पाऱ्याचे मशीन कुणी वापरत नाही, म्हणून मी कपाटात असतो आणि याचाच विचार करतो.

तुमच्या घरी कुणी नवी गोळी सुरू केली आणि भिंत धरून चालू लागले, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. ते गप्प बसले तर त्यांच्यासाठी तुम्ही बोला. काकू आठ दिवस आधी बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

काकांचे मनगट जुळले, पण बोटे पूर्वीसारखी वळत नाहीत. अक्षरे आता त्यांची मुलगी काढते. दवाखान्यात आले की बसण्याआधी ते खिशातली गोळ्यांची सगळी पाकिटे टेबलावर ठेवतात आणि भरल्या रांगेसमोर लघवीच्या गोळीचे नाव मोठ्याने सांगतात. तुम्ही मात्र पडण्याआधीच सांगा.