तव्यावरचा बिनतेलाचा चिमीचांगा

मी एक जुना बिडाचा तवा आहे. मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पैज लावतो. कॉटन ग्रीनच्या या भंगाराच्या गोदामात रोज कुणी ना कुणी फुशारकी मारतं. तो पलीकडचा पंखा म्हणतो, त्याने एकदा वादळ आणलं होतं. आणलं असेल. मी मात्र एका माणसाला जेवायला उठवलं.

माझा जन्म तोफेच्या पोटी झाला. कुठल्या तोफेच्या ते विचारू नका, ती लाजते. तिला वितळवून मला ओतलं, आणि गिरगावच्या हेलनने बाजारात मला बोटाने वाजवून पाहिलं. मी असा घणघणलो की जवळच्या चर्चमधली माणसं प्रार्थनेला उठून उभी राहिली. तिच्या घरी माझ्यावरची पहिली तांदळाची भाकरी इतकी फुगली, की तिची लहानगी लेक एलिना त्या भाकरीवर बसून चर्नी रोडच्या पुलावरून चक्कर मारून आली.

हसा. पण इथून पुढचं नीट ऐका.

हेलनचा नवरा सॅम्युअल बोटीवर कुक होता. टेक्सासच्या कुठल्याशा बंदरात तो एक पदार्थ शिकून आला, चिमीचांगा. मैद्याच्या मोठ्या पोळीत राजमा, चिकन आणि मूठभर चीज भरायचं, चहूबाजूंनी घडी घालायची आणि ती उकळत्या तेलात सोडायची. रविवारी चर्चहून आल्यावर तो हे करायचा आणि वाडीतली पोरं खिडकीला लटकायची. कौतुक सगळं कढईचं. मी वर्षानुवर्षं रोजच्या भाकऱ्या भाजल्या, पण काय तवा आहे असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. रविवारी तर मला सिंकखाली ढकलत. कढई वरून तेल ठिबकवायची, मुद्दाम.

मग सॅम्युअलच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. परळच्या डॉक्टरांनी तळण बंद केलं, चीज बंद केलं, मीठ चिमटीवर आणलं. घरी आल्यावर त्याने जेवणच बंद केलं. दुधी परत, सूप परत, मऊ भात परत. स्वतःच्याच शर्टात तो हरवायला लागला. पोटात अन्न गेलं नाही तर हा उभा राहायचा नाही, असं डॉक्टरांनी हेलनला बाजूला घेऊन सांगितलं.

एलिना आता लग्न होऊन दादरला गेली होती. ती फोनवर आईला बजावायची की पप्पांचे लाड करू नकोस, भूक लागली की खातील. सॅम्युअल बाहेरच्या खोलीतून निरोप द्यायचा की तिला म्हणावं, तूच ये आणि हा दुधी संपव.

शेवटी हेलन त्याच्यासमोर जाऊन बसली. "मग काय खाशील ते तरी सांग."

"चिमीचांगा," तो म्हणाला. "नाहीतर सूप पाज आणि सावकाश मार."

हेलन उठली. स्वयंपाकघरात आली, वाकली, आणि सिंकखालून मला बाहेर काढलं. कढईला नाही, मित्रांनो. मला.

तिने गव्हाची पातळ पोळी लाटली. चिकन उकडून हाताने तोडलं, राजमा ठेचला, कांदा घातला. वर्षाचा मसाला ती बाटल्यांत भरून ठेवायची, त्यातला जरासा घातला. चीजच्या जागी दह्याचा चक्का. घडी घालून तिने ती माझ्यावर ठेवली आणि तेलाचं नुसतं बोट फिरवलं. मी जीव ओतून भाजली. असा तांबूस रंग आणला की कोपऱ्यातल्या कढईने मान फिरवली.

एकच उणीव होती. मी गप्प होतो. तेलात घडी सोडल्यावर होतं तसं चर्र काही होईना, आणि सॅम्युअल तर बाहेर कान लावून बसलेला. हेलन घुटमळली. मग तिने बोटं पाण्यात बुडवून माझ्यावर शिंपडली. चर्र झालं. पुन्हा शिंपडली, पुन्हा चर्र. बाहेर खाट करकरली. कितीतरी दिवसांनी तो आपल्या पायांनी टेबलाशी येऊन बसला.

आणि त्याने खाल्लं. दोन खाल्ले, तिसरा मागितला. म्हणाला, कढईत असा कधी झाला नव्हता. बघता बघता त्याचं अंग भरलं. आज तो लेकीकडे राहतो आणि सकाळी शिवाजी पार्कला असा चालतो की नेटमधली पोरं त्याला फास्ट बोलिंगला बोलावतात. घर हलवताना गडबडीत मी चुकून इथे आलो, एवढंच. हेलन मला शोधत असणार.

तेव्हा मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुन्हा एखाद्या स्वयंपाकघरात गेलंच, तर तिथल्या माणसांना सांगा, बिडाच्या तव्याला ओला ठेवू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा. गरज पडल्यावर आठवण काढण्यापेक्षा आधीच थोडी माया करा. आमच्या हातून...

"खोटं," मागच्या खोक्यातून कुणीतरी म्हणालं. सॅम्युअलच्याच घरची काचेची प्लेट होती ती, कडेचा टवका उडालेली. "टेबलावर मी होते, तू नव्हतास. त्याने एक तुकडा मोडला, तोंडापर्यंत नेला आणि परत माझ्यात ठेवला. म्हणाला, 'हेलन, सगळा जन्म तेलापाशी गेला माझा. पाण्याचा आवाज मला कळणार नाही होय?' आणि परत जाऊन झोपला. तो घास शेवटी तिने खाल्ला, उभ्याउभ्या. त्यानंतर माझ्यात त्याच्यासाठी कुणी काही वाढलंच नाही."