कोच टॉलेफ्सन यांचा आवाज

ऑर्विन टॉलेफ्सन आमच्या नॉर्डाल कॉलेजात बास्केटबॉल शिकवायला आले तेव्हा मी शाळेत होतो. पुढे मी त्यांच्या हाताखाली खेळलो, मग त्यांचाच सहायक कोच झालो. माझ्या डोक्यावरचे केस त्यांच्या ओरडण्याने गेले, असं माझी बायको म्हणते.

आयोवाच्या वायव्य कोपऱ्यातलं आमचं गाव. मका, डुकरं आणि लूथरन चर्च. हिवाळ्यात बघण्यासारखं एकच काय ते, कोचची टीम. ती फारशी जिंकायची नाही, पण कोच असे ओरडायचे की लोक तेवढ्यासाठी यायचे. जिमच्या पलीकडे हार्लन फेचनरचा डुकरांचा गोठा आहे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी डुकरिणी खाण्याला तोंड लावत नाहीत, अशी रीतसर तक्रार त्याने केली होती. तेव्हापासून कॉलेज सामन्यांचं वेळापत्रक सगळ्यात आधी त्याला कळवतं.

एका ऑक्टोबरात सरावाच्या मध्येच कोचचा आवाज बंद पडला. तोंड उघडं, मान ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, आणि बाहेर काहीच नाही. पोरं घाबरून जागच्या जागी थांबली. डॉक्टरांनी घसा तपासला आणि सांगितलं, "आता वसंत ऋतू येईपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, ते ओरडण्याहून वाईट."

क्रीडा विभागाच्या प्रमुख मार्सिया कायपरबाईंनी लगेच निरोपाचा केक मागवला. कोच समारंभाला आले, केक कापला, दोन तुकडे खाल्ले, सगळ्यांशी हात मिळवले आणि सरावाला गेले.

"त्यांना कळलं नाही का हा निरोप होता ते?" कायपरबाईंनी मला विचारलं.

"कळलं की," मी म्हणालो. "पण नाही म्हणायला बोलावं लागतं ना."

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. आर्डिसबाई चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुख. लग्नापासून प्रत्येक सामन्याला हजर, पण मान खाली घालून मोजे विणत बसायच्या; कोण जिंकलं हेही घरी जाताना विचारायच्या नाहीत. मात्र घरी कोच आवाज राखून ठेवण्यासाठी कधीच बोलायचे नाहीत, त्यामुळे त्यांच्या भुवयांवरून सगळं ओळखायची बाईंना सवय होती. मीठ कमी आहे, पाद्री लांबण लावतो, शेजारी मूर्ख आहे, सगळं भुवयांवरून.

कोचनी पोरांकडे बघून भुवया उडवल्या, हात झटकले, भिंतीवर बुक्की मारली.

आर्डिसबाई म्हणाल्या, "कोच म्हणतायत, तुम्ही सगळी फार गोड मुलं आहात, पण ट्रमेन, तू जरा पाय हलवलेस तर बरं होईल."

ट्रमेन आमचा सगळ्यात उंच खेळाडू. तीन वर्षं शिव्या खाऊनही जागचा हलला नव्हता. तो पळायला लागला.

आता बाईंना बेंचवर बसवायचं कोणत्या नात्याने? नियमात बायको कुठे बसत नव्हती. कायपरबाईंनी खूप शोधलं आणि शेवटी त्यांची नोंद कुबड्या आणि कानयंत्रं यांच्याबरोबर केली: वैद्यकीय साधन.

पहिल्याच सामन्यात समोरच्या टीमचा कोच लाइल ब्रांड्समा उसळला. "हे साधन बोलतंय!"

"कानयंत्रही शिट्टी मारतं," पंच गेलन स्ट्रूव्ह म्हणाला. तो चांगला माणूस होता. नियम म्हणजे नियम. थोड्या वेळाने त्याने आमच्याविरुद्ध एक फाउल दिला, तसे कोच लालबुंद होऊन त्याच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले. ओठ हलत होते. मला ओठ वाचता येत नाहीत, पण तेवढे शब्द सगळ्यांनाच वाचता आले.

"ते म्हणतायत," आर्डिसबाई म्हणाल्या, "तुमच्या आईला नमस्कार सांगा."

"ते असं नाही म्हणाले, मॅडम."

"आईचा उल्लेख होता ना? बाकीचं मी सावरून घेतलंय."

गेलनने विचार केला. आवाज न करणाऱ्याला दंड देता येत नव्हता आणि साधनाला तर नाहीच. तो नमस्कार घेऊन निघून गेला.

आम्ही जिंकायला लागलो. नाताळापर्यंत पोरं बाईंना 'मिसेस टी' म्हणायला लागली. मिसेस टी बचाव शिकवायच्या तो गाणं बसवल्यासारखा. हा पुढे आला की तो मागे, दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. कोच हातवारे करायचे एक आणि त्या सांगायच्या दुसरंच, हे आम्हाला दिसत होतं. कोचनाही दिसत होतं. मग दोघं बेंचवरच भांडायचे. एक भुवयांनी, एक तोंडाने.

जानेवारीत एकदा मी चेंडूंच्या खोलीपाशी गेलो, तर आतून तो जुना, डुकरिणींची भूक उडवणारा आवाज. कोच नाणं टाकल्यावर चिप्स देणाऱ्या यंत्राशी बोलत होते. यंत्राने पाकीट अडकवून ठेवलं होतं.

"कोच! आवाज आला?"

त्यांनी मला आत ओढलं, दार लावलं. "नवं वर्ष लागलं तेव्हाच आला. तोंड बंद ठेव, वेंडल."

"पण का?"

"आवाज आहे म्हटलं की साधन काढून घेतील." ते यंत्राला टेकून उभे राहिले. "इतकी वर्षं झाली लग्नाला, तिने मला कधी स्कोअर विचारला नव्हता. काल रात्री जेवताना बटाटे मांडून मला सांगत होती, तुझी बचावाची फळी उजवीकडे फाटते म्हणून. बटाटे मांडून! मी मुकाच बरा आहे."

मी ते कोणालाच सांगितलं नाही.

आमच्या भागातल्या कॉलेजांचा अंतिम सामना ब्रांड्समाच्याच टीमशी होता, त्याच्या गावात. पूर्ण गायकवृंद बस करून आला होता. शेवटची काही मिनिटं राहिली होती, आम्ही पुढे होतो. तेवढ्यात ट्रमेनवर असा फाउल दिला गेला की आमच्या पाद्रीबुवांनीही टोपी आपटली. आणि कोचच्या तोंडातून सगळा हिवाळा साठलेला आवाज बाहेर पडला. मी तो शब्द इथे लिहीत नाही. छताखालचे झेंडे हलले असं लोक सांगतात.

गेलनने दंड दिला. ब्रांड्समा नाचायलाच लागला. "बोलला! धडधाकट आहे! साधन उचला!"

गेलन टोपी नव्हती तरी टोपी काढल्यासारखं करत बाईंसमोर आला. "मॅडम, मला फार वाईट वाटतं, पण तुम्हाला काढावं लागेल."

आर्डिसबाईंनी विणकाम पिशवीत टाकलं. "कधीपासून, ऑर्विन?"

"नव्या वर्षापासून," कोच म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

त्या वर प्रेक्षकांत, गायकवृंदापाशी जाऊन बसल्या. कोचनी टाइम-आउट घेतला, पोरांना गोळा केलं आणि जोरात समजावलं. पोरं नुसती बघत राहिली.

"कोच," ट्रमेन अदबीने म्हणाला, "हेच मिसेस टी कसं म्हणाल्या असत्या?"

कोच वर प्रेक्षकांत बाईंकडे बघायला लागले.

खेळ सुरू झाला आणि आमची उजवी बाजू फाटली. एक बास्केट, दुसरं बास्केट. तेव्हा वर आर्डिसबाई उभ्या राहिल्या, गायकवृंदाकडे वळल्या आणि दोन्ही हात उचलले. खालच्या पट्टीतल्या बायकांनी एका सुरात सांगितलं, "डावीकडे!" वरच्या पट्टीने, "मागे या, मागे या!" पोरं त्या सुरावर सरकायला लागली. ब्रांड्समाने पुन्हा गेलनकडे धाव घेतली, पण प्रेक्षकांनी गाऊ नये असं नियमात कुठेच नव्हतं. गेलनने दोनदा वाचून पाहिलं.

शेवटच्या क्षणी "उजवीकडे!" हे पुरुषांच्या वाट्याला होतं. आमचे पुरुष गायक नेहमी एक ठोका उशिरा येतात. तेवढ्यात चेंडू बास्केटात गेला. आम्ही एका गुणाने हरलो.

परतीची बस. बाहेर बर्फाचं वारं. कोच पुढच्या सीटवर, शेजारची जागा रिकामी. बऱ्याच वेळाने आर्डिसबाई मागून उठल्या आणि त्या जागेवर बसल्या.

"खोटारडा," त्या म्हणाल्या.

"तुला उठवलं असतं गं बेंचवरून."

"उठवलंच की शेवटी."

"हो."

मैलभर गेल्यावर बाई म्हणाल्या, "पण तो फाउल नव्हताच."

"नव्हताच!" कोच इतक्या जोराने म्हणाले की ड्रायव्हरने ब्रेक मारला.

"मात्र तुझी फळी चुकली होती."

"माझी फळी? चुकले तुझे पुरुष!"

गाव येईपर्यंत त्यांचं चालू होतं. पोरं झोपली, मीही झोपलो.

कायपरबाईंनी मार्चमध्ये पुन्हा केक मागवला. यावेळी कोचना बोलता येत होतं, त्यामुळे नाही म्हणाले. मग केक खाल्ला. आणखी चार हंगाम त्यांनी टीम सांभाळली, त्यातले तीन वाईट गेले. आर्डिसबाई बेंचच्या बरोबर मागच्या ओळीत बसायच्या, विणकाम घरी ठेवून. गेलन स्ट्रूव्ह प्रत्येक सामन्याआधी त्यांच्यापाशी जाऊन आपल्या आईची खुशाली सांगायचा.