सांगून जाणारा बाप

मी बाक बोलतोय. अंगणवाडीच्या पडवीत, दाराच्या डाव्या अंगाला भिंतीशी टेकून असतो ना, तोच. आत जाणारं प्रत्येक पोर माझ्यासमोरून जातं आणि त्याला सोडायला आलेलं माणूस बहुधा माझ्यावर टेकतं. त्यामुळे आत काय शिकवतात ते मला फारसं ठाऊक नाही. पण बाहेर काय घडतं, ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

मी मूळचा फणस. कडाव गावात एका घराच्या परसात उभा होतो. एका वादळात आडवा झालो, तेव्हा घरच्यांनी सदू सुताराला बोलावलं. सदू कमी बोलणारा माणूस. त्याने मला कापलं, रंधा मारला, चार पाय बसवले आणि आधी स्वतः बसून पाहिलं. मग बायकोला बसवलं. "हलतोय का?" त्याने विचारलं. "नाय," ती म्हणाली. एवढंच माझं बारसं.

घरच्यांनी मला गावच्या दुधाच्या डेअरीला दिलं आणि पहिली कितीतरी वर्षं मी तिथेच काढली. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन यायची. तिथे मला एक गोष्ट कळली. माणसं रांगेत उभी असली की एकमेकांशी भांडतात आणि बाकावर बसली की घरचं सांगू लागतात. कुणाची म्हैस आटली, कुणाचा पोरगा माथेरानला हॉटेलात लागला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं माझ्या कानावर पडायचं.

पुढे डेअरी नव्या जागेत गेली. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला मागच्या बाजूला टाकून दिलं. दोन पावसाळे मी उघड्यावर काढले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. दोन पायांना खालून वाळवी लागली. आपलं आता सरपण होणार, असंच मी धरून चाललो होतो.

तिथून मला उचललं उज्ज्वलाताईंनी. ताई कडावच्याच, पण नोकरी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवर, अंगणवाडीत. त्यांनी मला टेंपोत घालून वाडीवर नेलं. सदू सुतार तोवर म्हातारा झाला होता. त्याने चष्मा लावून माझे पाय तपासले. दोन किडलेले होते म्हणून चारही खालून सारखे कापले. मी एकदम बुटका झालो. मोठं माणूस बसलं की गुडघे छातीशी येतात, पण लहान पोरांचे पाय आरामात जमिनीला टेकतात. अंगणवाडीच्या मदतनीस पारूबाई मला बघून हसल्या होत्या. "ताई, ह्यो बाक हाय का पाट?"

इथे आल्यावर दर जूनमध्ये मी एक नवल पाहू लागलो. एरवी खरं बोलणारी, शेजाऱ्याची काडी न उचलणारी माणसं पडवीत येऊन आपल्याच पोराशी धडधडीत खोटं बोलत. एखादी आई म्हणे, "जा आत, मी हितंच बाकड्यावर बसलेय," आणि पोराची पाठ वळली की कुडाच्या आडून पसार होई. एखादा मामा म्हणे, "चॉकलेट घेऊन येतो." एखादी आजी जाता जाता धाक घाली, "रडलास तर बाई कोंडून ठेवील हां." ते ऐकून ताई दारात कपाळाला हात लावत.

थोड्या वेळाने पोर दाराशी येई आणि बाहेर बघे. बाहेर फक्त मी. रिकामा. मग ते जो टाहो फोडी, तो ऐकून मला माझ्या रिकामेपणाची लाज वाटे.

शेवटी एका वर्षी ताईंनी मे महिन्यातच वाडीवरच्या आई-बापांना बोलावलं. काही सतरंजीवर बसले, तिघीचौघी माझ्यावर.

"पोरांची तयारी मी करून घेईन," ताई म्हणाल्या, "आज तुमची घ्यायची हाय."

बाया पदराआड हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. "घास त्याचा त्याला घेऊ द्या. सांडला तर सांडू दे. शू लागली की सांगायला शिकवा. घरी मावशीकडं, आत्याकडं अर्धा-पाऊण तास ठेवून बघा. माझं भ्या घालू नका. आणि मुख्य म्हणजे, तोंड लपवून जाऊ नका. सांगून जा. पोर रडेल. रडू दे, मी आहे. पण सांगितल्या वेळेला परत या, म्हणजे दुसऱ्या दिवशी कमी रडेल."

"त्याला वेळ काय कळणार, ताई?" कुणीतरी विचारलं.

"घड्याळ नाय कळत, खिचडी कळते. 'खिचडी खाल्लीस, ताट धुतलंस, की मी येतो,' असं सांगायचं."

त्या दिवशी माझ्या एका टोकाला जना बसली होती. ठाकरवाडीतली तरणी पोर. मांडीवर तिची तीन वर्षांची लेक संध्या, आईचा पदर मुठीत गच्च धरून. जनाचा नवरा दशरथ अंगणात चिंचेखाली उभा होता. तो पडवीत आलाच नाही.

सगळे गेले तरी जना उठेना. ताई तिच्याशेजारी बसल्या, तेव्हा ती बोलू लागली. नदीकडच्या एका फार्महाऊसवर ती बागेत खुरपायला जायची. संध्याला बरोबर न्यायची, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. महिन्यापूर्वी ती वाफ्यात वाकलेली असताना पोर पोहायच्या निळ्या टाकीकडे गेली आणि आत घसरली.

"मला पवता येत नाय, ताई. तशीच उडी टाकली. केस हाताला लागले तिचे, म्हणून वर आली." जनाने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "आता शेट म्हणतो, पोरीला आणू नको. आनि ही मला सोडीत नाय. मोरीत गेले तरी दाराशी रडती. कुठं ठेवू हिला?"

"इथं ठेव. त्यासाठीच तर हाय हे. बाप काय म्हणतो?"

जनाने चिंचेकडे पाहिलं. "त्याला साळंचं नावच नको."

ताईंनी दशरथला हाक मारली. तो आला, पण बसला नाही. टेंपोवर विटा भरणारा दणकट माणूस तो. ताईंनी दोनदा विचारलं, तेव्हा माझ्या फळीकडे बघत तो बोलला.

"सा वर्सांचा व्हतो मी. बापानं आश्रमशाळेत नेलं. लांब, दोन एसट्या बदलून. फाटकाशी बसवलं आनि बोलला, 'तमाखू घिऊन येतो.' मी बसलो. दिस मावळला. तो दिवाळीला आला."

ताईंनी सरकून जागा केली, पण तो उभाच राहिला.

"साळा वाईट नव्हती, ताई. पोटभर मिळायचं. गुरुजी बी चांगले. पन दिवाळीपत्तुर मी फाटकाकडंच बघत व्हतो. माज्या पोरीला कुनाची वाट बघाया लावायची नाय मला."

ताईंनी त्याला समजावलं नाही. त्या म्हणाल्या, "दादा, मग तुमीच घेऊन या तिला. जनाने नको. आठवडाभर तुमी या, इथं बसा. तुमच्या जिवाला पटलं नाय तर आठव्या दिवशी घेऊन जा. मी अडवणार नाय."

दशरथने बायकोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "बगू," म्हणाला.

जूनच्या पहिल्या सोमवारी तो आला. संध्या त्याच्या खांद्यावर. तो माझ्यावर बसला आणि पोरीला उजव्या मांडीवर घेतलं. तासभर दोघं दारातून आत बघत राहिले. आत पोरं लाकडी ठोकळे रचत होती. संध्या मुकाट. दशरथ तिच्याहून मुकाट. मोकळ्या हाताने त्याने माझी कड गच्च धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ताईंनी एक ठोकळा आणून माझ्या दुसऱ्या टोकावर ठेवला. बऱ्याच वेळाने संध्या मांडीवरून उतरली, एका हाताने बापाचं बोट धरून दुसऱ्या हाताने तिने ठोकळा ओढला. तिसऱ्या दिवशी बोट सुटलं. चौथ्या दिवशी ती उंबऱ्याच्या आत बसली आणि दर घटकेला मान वळवून बघू लागली. बाप जागेवर होता.

पाचव्या दिवशी ताई म्हणाल्या, "आता बोरिंगपर्यंत जाऊन या. सांगून."

दशरथचं तोंड उतरलं. तो पोरीसमोर उकिडवा बसला. "संदे, मी पानी पिऊन येतो बोरिंगवर. लगीच येतो." त्याला एवढं बोलायला केवढे कष्ट पडले! संध्या रडली. तो जागच्या जागी थबकला, पण पारूबाईंनी पोरीला कडेवर घेतलं आणि त्याला हाताने खुणावलं, जा. तो गेला, पाणी प्यायला न प्यायला आणि पळत परत आला. संध्याने त्याच्या ओल्या मिशीला हात लावून पाहिला आणि गप्प झाली.

मग बोरिंगवरून दुकानापर्यंत, दुकानावरून घरापर्यंत, असं रोज थोडं थोडं वाढत गेलं. आठवा दिवस कधी उलटला ते त्याच्याही ध्यानात आलं नाही. दहाव्या दिवशी तो सकाळीच म्हणाला, "संदे, आज मी टेंपोवर चाललो. तू खिचडी खा, ताट धू. ताट धुतलंस की मी आलोच." ती ओठ काढून त्याच्याकडे बघत राहिली, पण रडली नाही. तो गेला आणि वेळेवर आला. अकराव्या दिवशीही तसंच झालं.

बाराव्या दिवशी खिचडी झाली. पोरांनी ताटं धुतली. कुणाची आई आली, कुणाचा आजा आला. एकेक करून अंगणवाडी रिकामी झाली. संध्या ओलं ताट पोटाशी धरून बाहेर आली आणि माझ्यावर बसली.

वाट मोकळी होती. दशरथ नव्हता.

ताईंनी फोन लावला. बंद. पारूबाई अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन आल्या. "आता काय सांगायचं हिला?" त्या हळूच म्हणाल्या. "हा काय, आलाच, असं सांगू?"

"नको," ताई म्हणाल्या. त्या माझ्यावर संध्याच्या शेजारी बसल्या. "संध्या, बाबाला उशीर झालाय. का झालाय ते मलाबी माहीत नाय. पण तो येणार. तोपर्यंत मी इथनं हलणार नाय."

संध्याने मान डोलावली. ती दोनदा उठून वाटेपर्यंत गेली आणि दोनदा परत येऊन बसली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. इतकी माणसं माझ्यावर बसली, पण ते एवढंसं ओझं मला त्या दिवशी फार जड झालं.

आणि मग शेताच्या बांधावरून कुणीतरी धावत येताना दिसलं. दशरथच. गुडघ्यापर्यंत चिखल, विटांच्या धुळीने लाल झालेला सदरा घामाने अंगाला चिकटलेला. नंतर कळलं, वाटेत एका वळणावर टेंपोचा टायर बसला, फोन तर सकाळपासूनच मेलेला. मग हा गडी उतरला आणि चार किलोमीटर शेतांतून पळत आला. पडवीशी येऊन तो उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना. तो फक्त लेकीच्या तोंडाकडे बघत होता. मला वाटतं, तिथे त्याला सहा वर्षांचं एक पोर दिसत असावं.

संध्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाबा, तुझी चप्पल कुठं हाय?"

दशरथने खाली पाहिलं. एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठल्या तरी खाचरात राहिली होती. तो हसायला गेला आणि त्याला रडूच आलं. तो मटकन माझ्यावर बसला.

"रडली का, ताई?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"नाय. मी विचारलं, भ्या वाटतं का. तर म्हणाली, बाबानं सांगितलंय."

दशरथने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संध्या त्याच्या मांडीवर चढली आणि ओलं ताट तिने त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. त्याने ताटावरचं पाणी हाताने निपटलं. मग म्हणाला, "माजा बाप बी भ्याला असंल, ताई. मी रडंन म्हनून. त्याला बोलाया जमलं नसंल."

 त्या दिवसापासून दशरथचे खांदे सैल झाले. ओझं उतरल्यावर होतात तसे. माझ्यावर बसणाऱ्याच्या अंगातला ताण फळीला कळतो. तो त्याच्या अंगातून गेला, हे मी खात्रीने सांगतो. जना आता निर्धास्त कामाला जाते. रजेच्या दिवशी ती संध्याला न्यायला येते, तेव्हा पदर धरायला कुणी धावत येत नाही. उलट "थांब गं, माझं घर बांधून होऊ दे," असं आतून ऐकू येतं.

यंदा संध्याचं दुसरं वर्ष. मेमधल्या बैठकीत दशरथ माझ्यावर बसून नव्या आई-बापांना सगळं सांगत होता. "पोराला फशिवू नका. सांगून जावा. सांगताना आपलीच छाती फुटती, पन सांगा." ताई शेजारी बसून ऐकत होत्या. शाळा उघडली त्या दिवशी तो लेकीजवळ जरा जास्तच रेंगाळला, तर ती म्हणाली, "जा रं आता, तुझा टेंपो जाईल."

तो गेला. पण आधी घटकाभर माझ्यावर बसला, एकटाच, हसत.

माझं म्हणाल तर फळीला मधोमध एक चीर गेली आहे. पारूबाईंनी मला हिरवा रंग दिलाय, तो टोकांना उडू लागला आहे. अजून चार-सहा जून निघतील. तेवढ्यात जे आई-बाप येतील त्यांना माझं एकच मागणं आहे. पोराला आत ढकलून पळू नका. थोडं टेका. त्याच्या डोळ्यांत बघून कुठे जाताय, कधी येताय ते सांगा. आणि सांगितलंत की खरोखर उठा आणि जा.

आज सकाळी पाच नवी पोरं आली. चौघांचे आई-बाप सांगून गेले. पाचव्याची आई अजून माझ्यावरच बसली आहे; पोरगं केव्हाच आत जाऊन ठोकळ्यांत रमलंय. बसू दे तिला. मला घाई नाही.