चार आकडे खाली करून

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. पण मला पाहिलेत तर तुम्ही मला नवाच म्हणाल. माझी नक्षी शाबूत आहे, खाचा खोल आहेत. अख्ख्या आयुष्यात मी जेमतेम तीन किलोमीटर धावलो.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्या एका कडेवर चार आकडे उमटले होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो माझा जन्मदाखला. माझी चार भावंडे गाडीखाली गेली आणि मी डिकीतल्या खळग्यात, आकडे खाली करून. तेव्हापासून मी स्टेपनी झालो.

भावंडे तापली, भिजली, झिजली, दोनदा बदललीही गेली. मी अंधारात त्यांचा आवाज ऐकत राहिलो. घरातले आजोबा मात्र दर महिन्याला डिकी उघडून मला रॉकेलच्या फडक्याने पुसत. "अजून कोरा करकरीत आहे," असे ते सुनेला सांगत. त्या हातात माया होती, हे मी विसरणार नाही.

पण रबर नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते. हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू कडक करतो. आम्हाला राखण्यासाठी आमच्यात मेण मिसळलेले असते. चाक फिरते, दबते, तेव्हा ते वर येते. मी फिरलोच नाही. जे थोडे मेण वर आले, ते रॉकेलने पुसले गेले.

एका सकाळी पुढच्या चाकात खिळा घुसला. आजोबांनी स्वतः जॅक लावून मला बसवले. दुसऱ्या दिवशी सून नातीला वसतिगृहात सोडायला जाणार होती. चार तासांचा, वेगाचा रस्ता. मी अकरा वर्षे ज्याची वाट पाहिली, ते घडले. रस्ता लागला, मी गरगरलो, आणि माझ्या कडेत बारीक भेगा उघडताना मला कळल्या. वेगात त्या पुढे सरकल्या असत्या आणि मी फुटलो असतो. मला बोलता येत नाही, आणि माझे आकडे आता गाडीच्या आतल्या बाजूला होते.

तीन किलोमीटरवर टायरच्या दुकानापाशी गाडी थांबली; आजोबांबरोबर सून आणि नातही उतरली. टायरवाल्याने खिळा लागलेल्या चाकाचे पंक्चर काढले. "जुने चाक परत बसवतो."

"राहू दे," आजोबा म्हणाले. "हा नवा आहे. उद्या लांब जायचंय, नवाच बरा."

टायरवाल्याने माझ्या कडेवर नख दाबले. ते रुतले नाही. तो टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला आणि त्याने माझे आकडे वाचले. "आजोबा, नवा कुठला? अकरा वर्षांचा आहे हा."

"म्हणजे माझ्याएवढा," नात म्हणाली.

"तू वाढतेस गं. हा वाळलाय."

आजोबा चिडले. "वापरलाच नाही तर म्हातारा कसा होईल? मी जिवापाड जपलाय त्याला."

"बाबा," सून हळूच म्हणाली, "भेगा दिसतायत." तिने त्यांचा हात धरून माझ्यावर ठेवला. त्यांची बोटे भेगांवरून फिरली. मग ते नातीकडे पाहत म्हणाले, "काढ."

बाद टायर कुणी चुकून पुन्हा बसवू नये म्हणून त्याची कड कापतात. टायरवाल्याने सुरी घेतली, तेव्हा आजोबांनी ती मागून घेतली. काप खोल गेला. मित्रांनो, मला दुःख झाले नाही. माझ्यावर विसंबून कुणी लांब जाणार नव्हते, एवढे पुरे होते.

आजोबांनी नवा टायर घेतला. टायरवाला तो डिकीत ठेवू लागला, तसे ते म्हणाले, "तो पुढे लाव. फिरू दे त्याला. पंक्चर काढलेला डिकीत टाक."

तुमच्या घरी गाडी असेल, तर मोठ्यांना सांगून आज तिची स्टेपनी उलटून पाहा. सहा वर्षे झाली असतील तर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा झाली असतील तर, नक्षी कितीही देखणी असली तरी, तिला निरोप द्या. आणि ठेवाल तेव्हा आकडे वर करून ठेवा.