काचेतला घोडा

वकीलसाहेबांनी आपला दुर्मिळ ग्रंथांचा संग्रह शहराला दिला. त्यासाठी घराचा खालचा मजला दिला, कपाटं दिली, दिवे-पंखे दिले. किल्ल्या मात्र दिल्या नाहीत.

देणगीपत्र त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, त्यामुळे त्यात फट राहण्याचा प्रश्नच नव्हता. हस्तलिखितांच्या काचपेट्या ‘दात्याच्या अनुमतीनेच’ उघडाव्यात, असं एक कलम त्यात होतं. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी ते हसत हसत मान्य केलं. म्हातारपणीचा हट्ट आहे, चार महिन्यांत निवळेल, असा त्यांचा अंदाज होता. तो साफ चुकला.

ग्रंथालय-संग्रहालयाची पाटी लागून दोनेक वर्षं झाली, तरी वकीलसाहेब वरच्या मजल्यावर स्वस्थ बसलेत असं कधी झालं नाही. खाली खुर्ची सरकली की त्यांचे कान टवकारत. कुणी शिंकलं की ते जिन्यात हजर. चहा अर्धा टाकून उठत, वर्तमानपत्र उघडं टाकून उठत.

“अहो, बसा की जरा,” त्यांची पत्नी म्हणे. वाचकांपासून टपालवाल्यापर्यंत सगळे तिला काकू म्हणत. “खाली काय तान्हं बाळ झोपवलंय का?”

“कुणीतरी बोटाला थुंकी लावून पान उलटलं.”

“आणि ते तुम्हाला इथून दिसलं?”

“आवाजावरून कळतं.”

काकू पुन्हा आपल्या कामाला लागे. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे वाद घालायचा नाही, हे तिला नेमकं ठाऊक होतं.

खाली छापील पुस्तकं वाचायला मिळत. त्यांची काळजी वाहणाऱ्या ग्रंथपालबाई जुने कागद जपण्याचं रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या. पण संग्रहातला खरा ऐवज काचेआड होता. दालनाच्या मधोमध, मोठ्या खिडकीसमोर एका पेटीत घोड्यांच्या आजारांवरचं सचित्र हस्तलिखित होतं. त्याचं एकच पान कायम उघडं असे. त्यावर एक लालभडक घोडा पुढचे पाय हवेत टाकून उधळला होता. निमंत्रणपत्रिकेवर तोच, माहितीपत्रकावरही तोच. वकीलसाहेब येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, “बघा, काय तेज आहे. रणात निघालाय.”

ग्रंथपालबाईंनी सुरुवातीलाच सुचवलं होतं, की पेटी खिडकीपासून हलवू या आणि दर काही महिन्यांनी पान बदलू या.

“लोक त्या घोड्यासाठी येतात, बाई,” वकीलसाहेब म्हणाले होते. “आणि उजेडात तो जिवंत वाटतो.”

विषय तिथेच संपला होता.

एके दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, अंगाला औषधाचा वास.

“मला त्या पुस्तकातले खूर बघायचेत,” ते म्हणाले.

“घोडा बघा. काचेतून अगदी स्पष्ट दिसतो.”

“घोडे मी रोज बघतो, साहेब. लाथाही खातो. खूर कसा तासायचा याच्या आकृत्या आत आहेत, असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय. मी नालबंदांना शिकवतो. खूर चुकीचा तासून नाल ठोकला की जनावर कायमचं लंगडं होतं. हे काम जुने लोक कसं करत, ते आमच्या पोरांना दाखवायचंय.”

वकीलसाहेबांची नजर डॉक्टरांच्या हातांवर होती. औषधांनी पिवळी पडलेली नखं, मनगटावर ओरखडा. “विचार करून सांगतो,” ते म्हणाले.

डॉक्टर पुन्हा आले. विचार चालूच होता. आणखी एकदा आले तेव्हा हसून म्हणाले, “साहेब, तुमच्या कोर्टातसुद्धा एवढ्या तारखा पडत नसतील.” आणि निघून गेले.

त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी वकीलसाहेबांना जिन्यातच गाठलं.

“साहेब, ते हस्तलिखित तुम्ही कधी वाचलंत?”

“भिंग घेऊन तासन्‌तास बघितलंय.”

“बघितलंत. वाचलंत का?”

वकीलसाहेबांनी कठडा धरला. “अक्षर फार जुन्या वळणाचं आहे.”

“मला लागतं ते अक्षर. हे ज्याने लिहिलं, तो तबेल्यात बसून लिहीत होता. लंगडणारं जनावर ज्याच्या दारात उभं आहे, त्याच्यासाठी. आज तसा माणूस आपल्या दारात येतो आणि आपण त्याला परत पाठवतो. मग बाहेर ‘सार्वजनिक’ असं कशाला लिहायचं?”

“आणि पान फाटलं तर?”

“कसं उलटायचं हे मी शिकलेय. त्याचाच पगार घेते. मी शेजारी बसेन.”

“नाही,” वकीलसाहेब म्हणाले आणि वर गेले.

वर गेले खरे, पण पाय ठरेना. खिडकी, दार, पुन्हा खिडकी.

“नाही म्हणून आलात ना?” काकूने विचारलं. “मग आता कुणाशी भांडताय?”

“पुरावा हवा,” ते पुटपुटले. आतली पानं किती नाजूक झाली आहेत ते एकदा बघून घ्यावं, म्हणजे आपला नकार रास्त ठरेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. आधी बाजू ठरवायची, मग पुरावा शोधायचा, जन्मभर वकिलीत हेच केलेला माणूस. ते खाली आले आणि त्यांनी पेटी उघडली.

ग्रंथपालबाईंनी हस्तलिखिताखाली मऊ उशी ठेवली आणि सावकाश एक पान उलटलं. ते सहज उलटलं. मागच्या पानावर दुसरा घोडा होता. नुकताच रंगवल्यासारखा लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखा. वकीलसाहेब बघतच राहिले. मग त्यांनी पान पुन्हा मागे करायला सांगितलं.

त्यांचा घोडा तिथे होता. फिकट, मातकट, चहा सांडलेल्या कापडासारखा.

“हे कुणी केलं?”

“उन्हाने,” ग्रंथपालबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “हळूहळू.”

“मी रोज बघत होतो.”

“रोज बघणाऱ्याला कळत नाही, साहेब.”

वकीलसाहेब शेजारच्या बाकावर बसले. “कुणाचा हातसुद्धा लागू दिला नाही मी याला!”

आपण आधीच सुचवलं होतं, हे बाईंनी बोलून दाखवलं नाही. शेवटी वकीलसाहेबांनीच विचारलं, “त्या डॉक्टरांचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?”

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आले. हात धुतले, कोरडे केले, बाईंनी सांगितलं तसे बसले. बाई ओळी लावून वाचत होत्या, डॉक्टर अर्थ सांगत होते, आणि वकीलसाहेब समोर बसून आपलंच हस्तलिखित पहिल्यांदा ऐकत होते. खुरांच्या आकृत्या डॉक्टरांनी कागदावर उतरवून घेतल्या. मग सहज म्हणून त्या प्रसिद्ध घोड्याचं पान काढलं. बाईंनी खालच्या ओळी वाचल्या आणि डॉक्टरांना हसू आवरेना.

“साहेब, हा रणात नाही निघालेला. याच्या पोटात कळ आलीय. बघा ना, मान कशी पोटाकडे वळवलीय. औषधही लिहिलंय खाली.”

क्षणभर वकीलसाहेबांचा चेहरा पडला. मग तेही हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “आणि मी नगराध्यक्षांना काय काय सांगितलं!”

त्या आठवड्यात त्यांनी ते कलम स्वतःच्या हाताने रद्द केलं. पेटी खिडकीपासून हलली. हस्तलिखितं ठरलेल्या दिवशी, बाईंच्या देखरेखीखाली, मागेल त्याला वाचायला मिळू लागली.

वाचकहो, वकीलसाहेबांना हसणं सोपं आहे. आपणही शाळेला खोली देतो आणि भिंतींचा रंग आपण ठरवतो. संस्थेला पैसे देतो आणि सभेत शेवटचा शब्द आपला हवा असतो. मुलांच्या नावावर घर करतो आणि कुठलं कपाट कुठे ठेवायचं यावर अडून बसतो. आपण त्याला काळजी म्हणतो. काळजी घ्यायला शिकलेली माणसं नेमावीत, नियम करावेत, ते सगळ्यांसाठी सारखे असावेत. पण दिलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात बघवत नसेल, तर ती आपण अजून दिलेलीच नाही, हे आधी स्वतःशी कबूल करावं. आणि मग खरोखर द्यावी.